हाकेला ओ आली, पण कोणाची?

‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य आता इंग्रजी राहिलेले नाही. रेशनच्या दुकानात, बँकेच्या खिडकीवर, सातबारा काढून देणाऱ्या केंद्रात, पीकविम्याचा अर्ज भरण्याच्या रांगेत ते रोज उच्चारले जाते आणि ऐकणारा मुकाट्याने माघारी फिरतो. ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे वाक्य पूर्वी जे काम करीत असे, तेच काम आता हे वाक्य करते. फरक एवढाच, की साहेब खरोखरच दौऱ्यावर गेले आहेत की मागच्या खोलीत चहा घेत आहेत, हे शिपायाला विश्वासात घेऊन काढून घेता येत असे. सर्व्हर कोणीच पाहिलेला नसतो. तो कुठे आहे, कोणाचा आहे, खरोखर बंद आहे की मधल्या वाटेवर काही बिनसले आहे, हे विचारायचे कोणाला आणि कसे, याची कल्पना ना रांगेतल्या माणसाला असते, ना बहुतेक वेळा खिडकीमागे बसलेल्याला.

वास्तविक हे विधान पडताळून पाहण्याजोगे आहे. जाळ्यावरचे अमुक एक यंत्र येथून गाठता येते की नाही, एवढे विचारण्याची सोय गेली चाळीस वर्षे उपलब्ध आहे आणि आज ती जवळजवळ प्रत्येक संगणकात असते. तिला वेगळे पैसे पडत नाहीत आणि शिकायला दहा मिनिटे पुरतात. तिचे नाव ‘पिंग’. आपल्याकडे संगणकाच्या वर्गात ही आज्ञा परीक्षेपुरती पाठ करून घेतात आणि प्रमाणपत्र हाती पडले की ती विसरली जाते. माझे म्हणणे असे, की ही आज्ञा गावाच्या हाती असली पाहिजे आणि तिला आलेले उत्तर गावाच्या फळ्यावर लिहिले गेले पाहिजे. असे का, हे सांगण्यासाठी आधी ती काय करते आणि काय करीत नाही, ते पाहावे लागेल.

मराठीत ही गोष्ट समजावणे फार सोपे आहे. या बांधावरून त्या बांधावर हाक द्यायची आणि समोरून ‘ओ’ येते का ते ऐकायचे. इंटरनेटच्या वाहतुकीचे जे नियम जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये लेखी स्वरूपात मांडले, त्यांत या दोन गोष्टींना रीतसर स्थान आहे. एक पडसादाची मागणी, दुसरे पडसादाचे उत्तर. एक लहानशी पुडी पाठवायची. जिच्या नावे ती आहे त्या यंत्राने ती जशीच्या तशी परत करायची. बस्स. पण नियम होते तरी हाक देणारे सुटसुटीत साधन हाताशी नव्हते. अमेरिकेत मेरीलँड राज्यात अ‍ॅबर्डीन येथे लष्कराची दारूगोळ्याच्या अभ्यासाची प्रयोगशाळा होती. तिथल्या माइक म्यूस यांना डिसेंबर १९८३ मध्ये आपल्या जाळ्यात काहीतरी बिनसल्याचे जाणवले आणि त्यांनी एका संध्याकाळी बसून सुमारे हजार ओळींचा हा प्रोग्रॅम लिहून काढला. पाणबुडी शोधणारे यंत्र पाण्यात ध्वनी सोडून पडसाद ऐकते, त्या आवाजावरून त्यांनी नाव ठेवले ‘पिंग’. हेच आपल्या आयुष्यातले सर्वांत प्रसिद्ध काम ठरणार आहे असे ठाऊक असते, तर आणखी एक-दोन दिवस त्यावर घालवले असते, असे ते पुढे गमतीने म्हणत. २००० साली मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

म्यूस यांनीच सांगितलेली एक हकीकत येथे द्यायला हवी. एका कचेरीतले जाळे मधूनच तुटे आणि मधूनच जुळे. कुठली जोडणी सैल आहे, हे काही केल्या सापडेना. तेव्हा तिथल्या जाळे सांभाळणाऱ्याने या प्रोग्रॅमला बोलणाऱ्या यंत्राची जोड दिली, ते खोलीतल्या स्टिरिओला लावले आणि आवाज सहन होईल तितका मोठा केला. उत्तर येईल तसे दर सेकंदाला यंत्र ‘पिंग, पिंग’ असे ओरडू लागले आणि हा गृहस्थ इमारतभर एकेक जोडणी हलवीत फिरला. ज्या जोडणीला हात लावताच आवाज बंद पडला, ती दोषी. मला या गोष्टीत युक्तीपेक्षा दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. ओ येते आहे की नाही, हे त्या इमारतीतल्या प्रत्येकाला ऐकू येत होते.

कल्पना तशी जुनीच. परळी-वैजनाथच्या स्टेशनमास्तरने पुढच्या स्टेशनला घंटेचे ठोके द्यावेत, पलीकडच्याने तेवढेच ठोके उलट देऊन आपण जागे असल्याचे कळवावे आणि मगच गाडीची बोलणी व्हावीत, ही रेल्वेची पद्धत संगणकाच्या कितीतरी आधीची. ट्रंक कॉलच्या काळात ‘आवाज येतोय का?’ या प्रश्नावर तीन मिनिटांतले एक मिनिट खर्ची पडे, ते आठवणारे वाचकही अजून पुष्कळ असतील.

पिंग ओ आली एवढेच सांगत नाही. किती वेळात आली, तेही सांगते. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तेलगावहून मुंबईचे अंतर अदमासे साडेचारशे किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन नऊशे किलोमीटरला सेकंदाचा हजारावा भाग साडेचार वेळा मोजावा इतकाच काळ लागायला हवा. प्रत्यक्षात वाट वाकडी असते, मध्ये थांबे असतात, म्हणून तो काही पटींनी वाढतो. याउलट ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय सूचना केंद्राने जिल्ह्याजिल्ह्यांतली कलेक्टर कचेरी उपग्रहाने जोडली, तेव्हा हाक सुमारे छत्तीस हजार किलोमीटर वर जायची, तितकीच खाली यायची आणि ओ पुन्हा त्याच वाटेने. नुसत्या प्रवासालाच जवळजवळ अर्धा सेकंद. आज तारेने जोडलेल्या गावात ओ यायला अर्धा सेकंद लागत असेल, तर तार नावालाच आहे किंवा वाटेत कोठेतरी कोंडी झाली आहे, हे जाणकाराला घरबसल्या कळते.

आणि ओ आलीच नाही तर? मग वाट कोठे तुटली, हे शोधण्याची युक्ती व्हॅन जेकबसन यांनी काढली. तिला ‘ट्रेसरूट’ म्हणतात. बीडहून परळीकडे जाणाऱ्या एसटीचे उदाहरण घेऊ. एका माणसाला पहिल्या टप्प्याचेच तिकीट देऊन बसवायचे. तो वडवणीला उतरवला जातो आणि तिथून निरोप धाडतो. दुसऱ्याला तेलगावपर्यंतचे तिकीट, तिसऱ्याला सिरसाळ्याचे. वडवणीचा आणि तेलगावचा निरोप आला आणि सिरसाळ्याचा आला नाही, की रस्ता तेलगावच्या पुढे बंद आहे असा तर्क करायला हरकत नाही. जाळ्यावरच्या प्रत्येक पुडीवर असा टप्प्यांचा आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक नाक्यावर त्यातला एक वजा होतो. शून्य झाले की पुडी फेकून दिली जाते आणि फेकणारे नाके तसे कळवते. मूळ व्यवस्था पुड्या जाळ्यात अनंतकाळ घिरट्या घालू नयेत म्हणून होती. जेकबसन यांनी तिच्यापासून नकाशा करून घेतला.

आता याच्या मर्यादा. ओ न येणे म्हणजे समोरचा मेला असे नव्हे. १९९६-९७ च्या सुमारास प्रमाणाबाहेर मोठी पुडी धाडून समोरचे यंत्र बंद पाडण्याचे प्रकार घडले आणि पुढे पुष्कळ संस्थांनी आपल्या दारावरच्या पहारेकऱ्याला अशा हाकांना उत्तर देऊ नकोस असे बजावून ठेवले. असे यंत्र ठणठणीत असूनही गप्प राहते. उलट ओ येणे म्हणजे काम चालू आहे असेही नव्हे. ओ देते ते यंत्राचे अगदी खालच्या पातळीवरचे अंग. वरचा रेशनचा किंवा बँकेचा प्रोग्रॅम कोलमडून पडलेला असला, तरी ते बिनधोक ओ देत राहते. ग्रामपंचायतीच्या कपाटातला डबा हाकेला ओ देतो आणि त्याला जोडायचा संगणक कुलपात असतो, हेही शक्य आहे. म्हणून हाक कोणी, कोठून आणि कोणाला दिली, हे पाहिल्याशिवाय ‘जोडले गेले’ या शब्दांवर विश्वास ठेवू नये. माझा सारा मुद्दा येथे आहे.

बीडहून परळीकडे आणि माजलगावहून धारूरकडे जाणारे रस्ते तेलगावला एकमेकांना छेदतात. गाव धारूर तालुक्यातले. लोकनेते सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना येथलाच. एकीकडे गाळपाच्या हंगामात उसाची वाहने येथे रांगा लावतात आणि दुसरीकडे याच जिल्ह्यातली माणसे कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ची सोय त्यांच्यासाठीच आहे असे म्हटले जाते आणि कल्पना म्हणून ती उत्तम आहे. अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कार्डाला पस्तीस किलो धान्य कोणत्याही गावी मिळावे, यात वाईट काय?

पण ते धान्य मिळण्यापूर्वी काय काय घडावे लागते ते पाहा. म्हातारी यंत्रावर अंगठा ठेवते. यंत्र बहुधा मोबाइलच्या सिमकार्डावर चालणारे. ते टॉवर शोधते. टॉवर कंपनीच्या जाळ्याला, ते जाळे राज्याच्या रेशनव्यवस्थेच्या संगणकाला, तो पुढे आधारच्या भांडाराला. ही भांडारे बंगळूर आणि हरयाणातल्या मानेसर येथे आहेत. तिथे ठसा जुळला की ‘होय’ हे उत्तर त्याच वाटेने उलट येते आणि मग तराजू हलतो. तेलगावची ज्वारी-गहू तेलगावच्या दुकानात, घेणारी तेलगावची, देणारा तेलगावचा. संमती मात्र शेकडो कोसांवरून आणायची. या साखळीतली एकही कडी निखळली, तर दुकानदार काय म्हणतो, ते वर सांगितलेच आहे. त्याचाही दोष नाही. त्याच्या पडद्यावर एक तांबडी ओळ उमटते आणि तिचा अर्थ त्याला कोणी समजावलेला नाही.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती काचेच्या तारेने जोडण्याची योजना मंजूर केली. पुढे तिचे नाव ‘भारतनेट’ झाले. मूळ आराखड्यात तालुक्याच्या टेलिफोन केंद्रातून तार निघते, वाटेत तिच्या फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला ग्रामपंचायतीतला एक डबा असतो. दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती ‘सेवेस सज्ज’ झाल्याचे सरकारी आकडे सांगतात. आकडे खोटे आहेत असे मी म्हणत नाही. पण ‘सज्ज’ हे तार आणि डबा यांचे वर्णन झाले. डब्याला हाक दिली आणि त्याने ओ दिली, की गाव जोडले गेले. हाक देणारा वरच्या कचेरीत, ओ देणारा भिंतीवरचा डबा, नोंद पुन्हा वरच्या कचेरीतच. या साऱ्या संवादात गाव कोठे आहे?

गंमत अशी, की वरच्या कचेरीला हवे असेल तर पुष्कळच कळू शकते. त्या डब्यात अशी सोय असते, की वीज जाताच उरल्यासुरल्या शक्तीवर तो शेवटचा एक निरोप धाडतो. इंग्रजीत त्याला नावही चपखल आहे. आपल्याकडे त्याला ‘शेवटचा श्वास’ म्हणता येईल. हा निरोप येऊन डबा गप्प झाला तर वीज गेली. निरोप न येताच गप्प झाला तर तार तुटली असण्याचा संभव अधिक. तार तुटली असेल तर ती नेमकी किती अंतरावर, हे सांगणारेही उपकरण आहे. ते तारेत प्रकाशाचा एक झोत सोडते आणि परत येणाऱ्या पडसादाचा वेळ मोजते. म्हणजे पुन्हा हाक आणि ओच. रस्तारुंदीकरणाच्या जेसीबीने कोठे तार तोडली, हे खड्डा उकरण्यापूर्वी कळते. मग तीच तार दिवसचे दिवस तुटलेली का राहते? कारण ती तुटल्याचे ज्याला कळते त्याचे काही अडत नाही आणि ज्याचे अडते त्याला ती तुटली आहे की वीज गेली आहे की मानेसरला काही बिनसले आहे, हे कळण्याचा मार्ग नाही.

टक्केवारीने तर ही गोष्ट आणखीच झाकली जाते. वर्षात अठ्ठ्याण्णव टक्के वेळ सेवा चालू होती, हे ऐकायला छान वाटते. उरलेले दोन टक्के म्हणजे १७५ तास. ते रात्री दोन ते पहाटे पाच या वेळेत विखुरलेले असतील तर कोणाच्या खिजगणतीतही नाहीत. पण तेच जर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या कामाच्या आठ तासांत पडले, तर ते बावीस दिवस झाले. धान्यवाटपाच्या, पीकविम्याची मुदत संपण्याच्या दिवसांत पडले, तर त्यांची किंमत कोणत्या टक्केवारीत मांडायची? २०२३ साली राज्याने एक रुपयात पीकविमा आणला (ती योजना २०२५ मध्ये गुंडाळली गेली). त्या वर्षी ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. साऱ्या राज्याची रांग तुंबली की मुदत वाढते. एकट्या तेलगावची तार त्या आठवड्यात तुटलेली असती तर ती वाढली असती काय?

गावाच्या बाजूने विचार केल्याचे एक उदाहरण महाराष्ट्रात आहे आणि तेही सहकारी साखर कारखान्याच्याच परिसरातले. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगर येथे १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. वारणा खोऱ्यातल्या सुमारे सत्तर गावांच्या या योजनेत गावोगाव संगणकाची केंद्रे उघडली गेली आणि शेतकऱ्याला सारे जग तेथून दिसेल असे बोलले गेले. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी जाऊन पाहिले, तर त्या संगणकांवरून मुख्यतः उसाचीच माहिती जात-येत होती: नोंद, तोडणीचा परवाना, खत, बिल. एवढ्यासाठी संगणक आणि त्याची जोडणी सांभाळणे परवडणारे नव्हते. त्यांनी सात गावांत प्रयोग म्हणून संगणकाऐवजी साधा मोबाइल ठेवला. शेतकऱ्याने संदेश धाडून विचारायचे, कारखान्याकडून संदेशानेच उत्तर यायचे. येथे हाक शेतकऱ्याची होती आणि ओ कारखान्याला द्यावी लागत होती. उत्तर आले नाही तर ते आले नाही हे विचारणाऱ्यालाच प्रथम कळे. प्रकल्प लहान, पण दिशा योग्य.

तेलगावसारख्या गावासाठी माझी सूचना याच दिशेची आहे. ग्रामपंचायतीत संगणक चालवणारा माणूस असतो. त्याने कामाच्या वेळात ठरावीक तासांना हाक द्यावी आणि ती डब्याला न देता कामाला द्यावी. म्हणजे रेशनव्यवस्थेचा संगणक, आधारची पडताळणी, भूमी अभिलेखाचे संकेतस्थळ येथपर्यंत आपण पोहोचतो का, ते पाहावे. नुसत्या पिंगला जी यंत्रे उत्तर देत नाहीत त्यांच्या बाबतीत त्यांचे पहिले पान उघडते का, एवढे पाहिले तरी चालेल. नाही पोहोचलो तर अडखळले कोठे: गावातच, तालुक्याला, की त्याच्याही पुढे? हे सारे खडूने फळ्यावर लिहावे आणि वहीत उतरवून ठेवावे. मोबाइलच्या टॉवरचेही तसेच. तारीख, वेळ, कोणाला हाक दिली, ओ आली की नाही. त्याखाली सही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला तांत्रिक, की गावातल्या माणसाची मोजणी सदोष असेल. असेल ना. पण आज वरच्या मोजणीला तोलून पाहायला दुसरी मोजणीच नाही. शेतकरी घरच्या काट्यावर मोळी तोलून मग कारखान्याच्या काट्यावर जातो, तेव्हा त्याचा काटा प्रमाणित नसतो. तरी दोन टनांचा फरक आला तर बोलायला तोंड राहते. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: फळ्यावर ‘ओ नाही’ लिहून म्हातारीच्या पिशवीत गहू पडणार आहे काय? त्याने आपोआप पडणार नाही. पण केंद्राच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना लेखी सूचना दिल्या, की आधार नसल्यामुळे किंवा जोडणीच्या अथवा ठसा न जुळण्याच्या तांत्रिक अडचणीमुळे पात्र माणसाला धान्य नाकारू नये. ही सूचना वापरायची तर त्या दिवशी, त्या वेळी जोडणी नव्हती हे कोणीतरी म्हणावे लागते. म्हातारीने म्हटले तर तो कांगावा ठरतो, दुकानदाराने म्हटले तर त्याच्यावर काळ्या बाजाराचा संशय. ग्रामपंचायतीच्या सहीची नोंद असली, तर तहसीलदाराला तिचे काहीतरी करावे लागेल.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमाला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. फांद्यांऐवजी आता तारेचे कडे करायचे आहे, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने हाक पोहोचेल. हे होईल तेव्हा होवो, आणि व्हावेच. खडू आणि फळ्याला मात्र त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडू लागतात. निघण्यापूर्वीचे पंधरा दिवस कार्डावरची नावे जुळवण्याचे, अंगठे देण्याचे, बँकेतल्या उचलीचे आणि रांगांचे असतात. त्यातला एक दिवस ‘उद्या या’मध्ये गेला तर तो परत मिळत नाही, कारण उद्या गाडी भरलेली असते. निदान त्या पंधरा दिवसांचा फळा आधी लिहायला घ्यावा. तासातासाला जमले नाही, तर सकाळी दहा, दुपारी एक आणि चार अशा तीन हाका पुरतील.